श्वासाच्या खोलीतलं ताट

१

फिजीतल्या सुवा शहराच्या वरच्या अंगाला, तामावुआच्या टेकडीवर, एका जुन्या वसतिगृहात साखरेच्या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी चालली होती. आपल्याला मिळते ती गोळी खरी की नुसती पिठाची, हे घेणाऱ्याला ठाऊक नसायचं आणि देणाऱ्यालाही नसायचं. सेरेइमाला याची भारी गंमत वाटे.

"म्हणजे आम्हीही आंधळे आणि तुम्हीही आंधळे," ती पहिल्याच दिवशी प्रणिताला म्हणाली होती. "मग वाट दाखवणार कोण?"

"वजनकाटा, नाऊ," प्रणिता म्हणाली. प्रणिता तिथली आहारतज्ज्ञ; लबासाकडच्या ऊसवाल्यांची लेक. आईच्या वयाच्या बाईला तिकडे नाऊ म्हणतात, तशी ती सेरेइमाला म्हणायची. "माझा काटा डोळस आहे. त्याच्यापुढे लपवाछपवी चालत नाही."

खरंच चालत नसे. ताट वाढलं की काट्यावर, रिकामं झालं की पुन्हा काट्यावर. वाढलेलं सगळं संपलंच पाहिजे, हा तिथला मुख्य धर्म. ताटाला लागलेला नारळाचा रससुद्धा बोटानं निपटून खायचा. इसिकेली नावाचा एक अगडबंब बस ड्रायव्हर चाचणीत होता, तो तर ताट चाटायचा आणि वर म्हणायचा, "बायकोनं पाहिलं तर सोडून जाईल मला." सेरेइमाच्या आणि त्याच्या गावांचं पूर्वापार थट्टेचं नातं. त्यामुळे दोघं एकमेकांना वाट्टेल ते बोलत आणि कुणाला राग येत नसे.

सेरेइमा आली होती ती पायाच्या बोटावरच्या जखमेपायी. बुटानं घासल्याची साधी जखम, पण भरायचं नाव घेत नव्हती. तिच्या नवऱ्याचं, पेथेलीचं, असंच सुरू झालं होतं. आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि गेल्या वर्षी पेथेलीच गेला. घरी आता ती आणि नात तोरिका, दोघीच. तोरिकाची आई बाळंतपणातच गेलेली, बापानं कधी तोंड दाखवलं नाही. सेरेइमाला काही झालं असतं तर त्या पोरीला हक्कानं 'जेवलीस का' म्हणून विचारणारं जगात कुणी उरलं नसतं. म्हणून ही बाई पोरीला चुलतबहिणीकडे, उनाइसीकडे, ठेवून टेकडी चढली होती. जगायचं होतं तिला. नुसतं बरं व्हायचं म्हणून नव्हे, पोर मोठी होईपर्यंत जगायचं होतं.

२

त्या वसतिगृहात एक खोली होती. तिला सगळे श्वासाची खोली म्हणत. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, पडद्यामागे मोरी. भिंती जाडजूड, एका भिंतीत पक्की काच, दाराला रबराची कड, बाहेरची वाऱ्याची झुळूकसुद्धा आत यायची नाही. यंत्र हवा आत सोडी आणि बाहेर ओढी, आणि माणूस किती श्वास घेतो-सोडतो त्यावरून अंगातली चूल किती जळते ते सांगे. जेवणाचं ताट भिंतीतल्या दुहेरी खिडकीतून आत यायचं. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला तिथे दिवसरात्र राहावं लागे.

सेरेइमा पहिल्यांदा आत गेली तेव्हा बाहेरच्या काचेपाशी इसिकेली उभा राहून हातवारे करत होता. तोंड मोठमोठ्यानं हलत होतं. बहुतेक तिच्या गावाच्या सात पिढ्या उद्धरत असावा. आत एक अक्षर ऐकू येईना. तिला हसू आलं. "ओरड, ओरड," ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुझं बोलणं गोड लागतंय."

दुपारी ताट आलं. वाफवलेला मासा, डालोची फोड, थोडी अळूची भाजी. डालो म्हणजे आपल्या अळकुडीचा थोरला भाऊ. सेरेइमानं डोळे मिटून प्रार्थना म्हटली. तेवढ्यात दाराबाहेरून कुणी गेल्याची चाहूल लागली. एक पाऊल, मग काहीतरी मऊ टेकल्याचा आवाज, मग पुन्हा पाऊल.

"माई काना!" ती सवयीनं ओरडली. "या, जेवायला या!"

यात नवल काहीच नाही. फिजीत जेवताना दार उघडं असतं, आणि दारावरून जाईल त्याला हाक मारायची असते. ओळखीचा असो, नसो. बहुतेक लोक 'जेवलो, जेवलो' म्हणत पुढे जातात. पण न बोलावता घास घेणं म्हणजे तोंड लपवून खाणं. लहानपणी आईनं हे अंगात इतकं मुरवलेलं असतं की हाक आपसूक तोंडातून निघते.

हाक मारल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. या खोलीत कोण येणार, आणि दार तरी कोण उघडणार! सफाईवाली फडकं टेकत गेली असेल, एवढं म्हणून ती जेवू लागली. डालो जरा लवकर संपला. पोट भरल्यासारखं वाटलं नाही. प्रणिताचा हात आखडता आहे, असं मनाशी म्हणून तिनं ताट निपटलं.

संध्याकाळी पलंगावर पडल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं. इसिकेलीचा तो बैलासारखा आवाज आत आला नव्हता. मग पावलाचा कसा आला?

३

पुढच्या खेपेला ताट परत गेलं आणि थोड्या वेळानं भिंतीतल्या फोनवर प्रणिताचा आवाज आला.

"नाऊ, माशाचं कातडं ठेवलंत. तेसुद्धा खायचं असतं."

"मी कशाला ठेवू? कातडं तर मला आवडतं."

"ठेवलंय की. छान गुंडाळी करून, ताटाच्या कडेला."

सेरेइमा फोन हातात धरून तशीच उभी राहिली. माशाच्या कातड्याची विडीसारखी गुंडाळी करून ताटाच्या कडेला ठेवायची, ती मांजरीसाठी, ही पेथेलीची सवय. पंचवीस-तीस वर्षं ती त्याच्यावर यावरून खेकसत आली होती. 'मांजरीला मासा आणि मला काटे,' म्हणायची.

बाई विचारी होती. बाजारात भाजी विकण्यात जन्म गेलेला, फसवणाऱ्यांचे सगळे प्रकार पाहिलेले. स्वतःच्या मनालाही ती तितकीच ओळखून होती. तिनं स्वतःला समजावलं की आठवणीत रमून आपल्याच बोटांनी केली असेल गुंडाळी. नवं औषध आहे, डोकं जड होतं, हातानं काय केलं ते ध्यानात राहत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या सवयी घरच्यांच्या अंगाला चिकटतात, हेही तिनं पाहिलं होतं. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त तिला भूक लागलेली होती, आणि भुकेला कितीही समजावलं तरी ती भूकच राहते.

इकडे टेकडीवर मात्र आनंदीआनंद होता. सेरेइमाची साखर उतरत होती. जखमेला खपली धरली होती. कमरेला लुंगीसारखी गुंडाळायची सुलू घट्ट बांधली तरी घसरू लागली, तेव्हा इसिकेलीनं तिला अंगणात गाठलं.

"काय गं, तुमच्या बेटावरच्या बाया हवा खाऊन जगतात वाटतं? माझं ढेरपोट तसंच, आणि तू बघ वाळका बांगडा झालीस. खरी गोळी तुलाच मिळाली."

"तुला पीठ दिलंय," सेरेइमा म्हणाली. "वर तूप लावून खा."

तो पोट धरून हसला. मग एकदम हसायचा थांबला आणि तिच्या मनगटाकडे बघत राहिला. "पण खरंच, सेरेइमा, जेवतेस ना नीट?"

४

तिसऱ्या खेपेला तिनं मुद्दाम हाक मारली. त्या खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर ती बसली होती. हाक मारली आणि ती कडेला सरकली. का सरकली, ते तिलाच सांगता आलं नसतं.

"ये, जेवायला ये," ती हळूच म्हणाली.

यंत्राची घरघर चालू होती. तिनं डोळे मिटले, प्रार्थना लांबवली. उघडले तेव्हा डालोची फोड मधोमध खचलेली होती. पेथेली तसाच खायचा, कडा सोडून मधला लुसलुशीत भाग आधी. खुर्चीच्या मोकळ्या कडेवर तिनं तळहात ठेवला. लाकूड कोमट होतं.

भीती वाटायला हवी होती, तशी वाटलीही.  पण त्यामागोमाग जे उमाळून आलं त्यापुढे भीती कुठल्या कुठे गेली. शेवटच्या महिन्यांत पेथेलीला सगळ्यांनी मिळून उपाशी ठेवलं होतं. डॉक्टरांचं चुकलं नव्हतं, तिचंही नव्हतं. ते करावंच लागलं. पण तो बिचारा दवाखान्यातल्या ताटाकडे बघून म्हणायचा, "सेरा, हे जेवण आहे की जेवणाचा नमुना?" आणि सगळा वॉर्ड हसायचा. जाताना त्याच्या पोटात काही नव्हतं, हे तिला अजून झोपू देत नव्हतं.

"खा रे," ती म्हणाली. "पोटभर खा. मला फारशी भूक नाही."

मग ती त्याला घरच्या गोष्टी सांगत बसली. तोरिकाचा पुढचा दात पडला. उनाइसीचा नवरा पुन्हा चर्चच्या गाण्यात बेसूर झाला. छपराचा पत्रा अजून गळतो. असं सांगता सांगता ताट रिकामं झालं, आणि तिनं समाधानानं ते खिडकीत ठेवलं. कितीतरी दिवसांनी कुणाला जेवू घातलं होतं तिनं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा प्रणिता कपाळाला आठ्या घालून उभी होती.

"यंत्र बिघडलंय, नाऊ. तुम्ही एकट्या दोघांएवढा श्वास घेता म्हणतंय. दाराचं रबर बदललं, सगळं तपासलं, तरी तेच."

"म्हातारी झाले. धाप लागते."

"आणि एक विचारू? काल मी काचेतून बघत होते. तुम्ही अख्खं ताट खाल्लंत, घासन् घास. तोंडात जाताना पाहिला मी." प्रणिताचा आवाज खाली आला. "मग वजन इतकं का उतरतंय? अंगातलं मांस जातंय तुमच्या. असं ताट संपवणाऱ्याचं होत नाही, उपाशी माणसाचं होतं."

सेरेइमानं तिच्या गालावरून हात फिरवला. "काळजी करू नको गं."

"आणि खुर्चीच्या अगदी टोकाला का बसता? पडाल एखाद्या दिवशी."

५

रविवारी चर्च सुटल्यावर घरची माणसं भेटायला येत. उनाइसी तोरिकाला घेऊन आली, बरोबर टोपलीत पोरीपुरतं जेवण. व्हरांड्यात चटई अंथरली, कापड पसरलं, तोरिका मांडी घालून बसली. पोरगी कशी वाढवलीय ते दिसत होतं. अंगणातून जो जाईल त्याला ती भरल्या तोंडानं हाका मारत होती.

"या, जेवायला या!"

"जेवलो गं, राणी!" इसिकेली झाडाखालून ओरडला. "तू जेव! आजीला देऊ नको, तिला काटा मारेल!"

तोरिका खिदळली. सेरेइमा शेजारी बसून तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. खाली जिन्यावर कुणी चढत होतं. एक पाऊल, मग काहीतरी मऊ टेकल्याचा आवाज. तोरिकानं मान वळवली आणि गोड आवाजात हाक मारली, "या ना, जेवायला या!"

जिन्यावर कुणी दिसलं नाही. तोरिका पुन्हा ताटाकडे वळली, आणि जराशानं कुरकुरली.

"बुबू, माझा डालो घेऊ नको ना."

"मी कुठे घेतला? माझे हात बघ."

तोरिकानं आजीचे हात बघितले. आधी तिला गंमत वाटली. मग तिनं ताट जवळ ओढलं आणि त्यावर दुसऱ्या हाताचा आडोसा केला, शाळेत पाटी लपवतात तसा. आडोशाच्या आत डालोची फोड मधून खचत गेली. सेरेइमानं ते पाहिलं. डोळे उघडे ठेवून, भर दुपारी पाहिलं.

"संपला पण?" उनाइसी टोपली आवरत म्हणाली. "गेल्या रविवारपासून हे असंच चाललंय बाई. केवढं खाते, आणि अंगी काही लागत नाही. जंताचं औषध देऊ का?"

"मला अजून भूक आहे, बुबू," तोरिका म्हणाली.

सेरेइमानं तिचं मनगट हातात घेतलं. गेल्या महिन्यात गुबगुबीत होतं ते. आता दोन बोटांत मावलं.

 पेथेलीनं या पोरीला पहिला घास भरवल्याशिवाय कधी स्वतः खाल्लं नव्हतं. ताप असो, पाय कापलेला असो, आधी तोरिका. मग हा कोण? त्याची भूक तेवढी उरली आणि तो स्वतः उरलाच नाही? की दुसराच कुणी वाटेवरून चालला होता, आणि तिनं हाक मारली म्हणून आत आला, आणि आत आल्यावर तिनंच त्याला पेथेली म्हटलं? तिला कळेना. कळून घ्यायची इच्छाही उरली नाही. पोरगी भुकेली आहे, एवढंच तिला कळत होतं.

६

चाचणीतला शेवटचा दिवस श्वासाच्या खोलीत होता. दुपारी ताट आलं. सेरेइमानं खुर्ची मधोमध ओढली आणि तीवर ऐसपैस बसली. प्रार्थना उघड्या डोळ्यांनी म्हटली.

दाराबाहेर चाहूल आली आणि थांबली.

हाक तिच्या ओठांपर्यंत आली होती. तिनं ओठ दाताखाली धरले. जन्मात पहिल्यांदा ती कुणाची चाहूल ऐकूनही न बोलावता जेवायला बसली होती, आणि शरमेनं तिचे कान तापले.

"पेथेली," ती म्हणाली, "तू असशील तर ऐक. नसशील तरी ऐक. मी तुला पोटभर वाढलं असतं. माझं मांस गेलं तरी वाढलं असतं, मला त्याचं काही नाही. पण पोरीच्या ताटात हात नाही घालायचा. ती जगली पाहिजे. तिच्यासाठी मी जगले पाहिजे. तेव्हा आज मी एकटी जेवणार आहे."

तिनं पहिला घास घेतला.  दाराशी, आतल्या बाजूला, कुणीतरी जपून खाली बसल्याचा आवाज झाला. घरात दाराजवळची जागा धाकट्यांची, आगंतुकांची. तिथे बसतात आणि बोलावण्याची वाट बघतात. मग पोटात भुकेनं गुरगुरतं तसा आवाज आला, लांबलचक, केविलवाणा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मासा खारट लागला. तरी ती खात राहिली. डालोचा मधला भाग तिनं स्वतः खाल्ला. कातडं खाल्लं. भाजीचा शेवटचा तंतू बोटानं निपटला.

समोरच्या काचेत खोलीचा तो कोपरा उमटला होता. तिनं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळा गेलाच. एक गुडघा दिसला, आणि त्यावर उताणा ठेवलेला हात. हाताची ठेवण ओळखीची होती, पण बोटं इतकी बारीक माणसाची असत नाहीत. हात हलत नव्हता, मागतही नव्हता, नुसता उघडा होता.

तिनं काचेकडे पाठ केली आणि ताट खिडकीत ठेवलं.

दुसऱ्या सकाळी प्रणिता धावतच आली. "यंत्र सुधारलं, नाऊ! काल दुपारपासून एकटीचाच श्वास दाखवतंय." मग तिनं सेरेइमाचे सुजलेले डोळे पाहिले आणि तिला मिठीत घेतलं. तशीच बराच वेळ धरून राहिली.

७

जखम भरली. सेरेइमा तोरिकाला घेऊन नासिनूतल्या आपल्या पत्र्याच्या घरी परतली. अंगावर हळूहळू मांस चढलं, पोरीचे गालही वर आले. इसिकेलीनं त्या बाजूनं बस नेताना मोठ्यानं भोंगा वाजवला की तोरिका धावत जाऊन हात हलवी. सगळं ठीक चाललं होतं.

फक्त सेरेइमा जेवताना दार लावून घेऊ लागली होती. आळीत याची चर्चा व्हायला वेळ लागला नाही. टेकडीवर राहून आली आणि शिष्ट झाली, म्हणाले. पाळकाची बायको तर तोंडावर बोलली, "आता काय, शहरी मंडळी तुम्ही. आमच्या नजरेनं तुमचा मासा आंबायचा." सेरेइमानं मान खाली घालून ऐकून घेतलं. ज्या बाईच्या हाकेनं अख्खी आळी जेवायची, तिला हे ऐकावं लागत होतं, आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती. मनातून ती रोज मरत होती.

एका दुपारी उकाडा फार झाला. तोरिकानं आजीच्या नकळत दार किलकिलं केलं. दोघी चटईवर बसल्या, प्रार्थना झाली, घास तोंडात गेला, आणि पायरीवर चाहूल आली. एक पाऊल. मग काहीतरी मऊ टेकल्याचा आवाज.

तोरिका वळली. तोंडात घास, डोळ्यांत पाहुण्याचा आनंद. तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि सेरेइमानं त्यावर हात ठेवला.

पोर दचकली. आजीनं असं कधी केलं नव्हतं. कुणीच कुणाच्या मुलाला असं करत नाही. सेरेइमाच्या तळव्याखाली तिचे ओठ हलत होते, ऊन श्वास लागत होता. दाराच्या फटीतून उजेडाची पट्टी आत आली होती. तिच्यात कुणीतरी उभं असल्यासारखी ती मधेच तुटली होती. बाहेरचा माणूस थांबला होता. घाई नव्हती त्याला. बोलावण्याला लागतो तेवढा वेळ त्यानं दिला, आणि मग आणखी दिला. सेरेइमाचं काळीज तुटत होतं. हात मात्र तिनं काढला नाही.

मग पायरीवर कुणीतरी हळूच खाली बसलं.

"बुबू," हात सैल झाल्यावर तोरिका कुजबुजली, "तो काय करतोय तिथे?"

"बसलाय."

"त्याला भूक लागली असेल."

"हो," सेरेइमा म्हणाली. तिनं उठून दार लावलं, कडी घातली, आणि परत येऊन पोरीचं ताट तिच्यापुढे सरकवलं. "जेव तू, बाळा. सगळं संपव."

तोरिकानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग मान खाली घालून ती मुकाट्यानं जेवू लागली.